उभ्याचं खाणं

ताडकळस
६ नोव्हेंबर २०२४

चि. दैवशाला हिस अनेक आशीर्वाद.

भाऊबीज उरकून सुखरूप पोचलो. तू दिलेला करंज्यांचा डबा पार्वतीने माझ्या हाती लागू दिला नाही. फोनवरचं मला धड ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र मी लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून सवयीप्रमाणे लिहितो.

ओवाळताना तू हळूच जे सांगितलंस, ते बसमध्ये सारखं डोक्यात होतं. साखर फार वाढली आहे, डोळ्यांच्या पडद्यावर बारीक डाग दिसले आहेत, आणि तीन महिन्यांत साखर आवरली नाही तर नजरेचं काही खरं नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तू हे तबकातली सुपारी उचलता उचलता सांगितलंस. पण मी तुझा थोरला भाऊ आहे, तीच सुपारी तू दोनदा उचललीस ते मला दिसलं.

आता माझं ऐक. दसऱ्याच्या सुमारास परभणीत एक व्याख्यान ऐकलं आणि माझे डोळे उघडले. माणसाने दिवसातून दोनदाच जेवावं. आपले जुने लोक म्हणायचेच की एकदा जेवतो तो योगी, दोनदा जेवतो तो भोगी आणि तीनदा जेवतो तो रोगी. मी तेव्हापासून दोनदाच जेवतो. विजार कमरेवर थांबेना, पार्वतीला पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडावं लागलं. दुकानात खत घ्यायला आलेल्या माणसालाही मी आधी हेच सांगतो आणि मग पोतं देतो.

तूही आजपासून दोनदाच जेव. बाकी काही करू नकोस. मायचे डोळे गेले तेव्हा आपल्याला साखर हा शब्दच माहीत नव्हता. आता माहीत आहे.

ग्यानबारावांना नमस्कार. गोपाळ, सूनबाई सविता आणि नातवंडांना आशीर्वाद.

तुझा
दादा


पालम
१७ नोव्हेंबर २०२४

ती. दादास दैवशालाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. अरे, मी जन्मभर दोनदाच जेवत आले आहे. सकाळचं काम उरकून एकदा आणि दिवेलागणीनंतर सगळ्यांचं झालं की एकदा. तुझ्या त्या व्याख्यानवाल्याच्या आधीपासून मी दोनदा जेवते, मला कोणी हार घातला नाही.

डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं. "मावशी, दिवसातून किती वेळा जेवता?" मी म्हटलं, "दोनदाच जेवते बाई. खोटं कशाला बोलू?" त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. दोनदा जेवून साखर एवढी कशी, असं त्यांना वाटलं असणार. मग गोळीचा डोस वाढवून दिला.

माझा दिवस कसा जातो ते तू पाहिलंच आहेस. पहाटे उठून चहा टाकते. दारात शेळ्या सोडता सोडता कप हातात असतो, त्यात एखादा टोस्ट बुडवते. नातवंडं शाळेला गेली की त्यांच्या ताटलीत उरलेलं उचलते, पोळी गाईला घातली तरी गुळाचा भाग कोण टाकून देणार? शेजारच्या पंचफुलाच्या अंगणातून जायचं म्हणजे चहा घेतल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही, आणि तिच्या चहात साखर म्हणजे चमचा उभा राहील. शेंगदाणे भाजले की गरम असतानाच मूठभर चाखते. दुधाच्या पातेल्याची खरवड सविताला आवडत नाही, ती माझ्याकडेच येते. हे सगळं उभ्याउभ्या होतं, आणि उभ्याचं तर आपण धरतच नाही. ताटावर बसते ती दोनदाच.

दादा, तुला एक सांगते, ग्यानबांना सांगितलं नाही. गोधडी शिवायला घेतली आहे, गोपाळच्या धाकट्यासाठी. सुईत दोरा ओवताना आता एकाचे दोन दोरे दिसतात. मग मी डोळे मिटून घेते आणि मला माय दिसते. शेवटची वर्षं ती ताटात हाताने चाचपत भाकरी शोधायची, आठवतं ना? आपण कोपरा हाताशी सरकवून द्यायचो आणि ती म्हणायची, "सापडली रे बाबा, सापडली." मला मरणाची भीती नाही. मला तसं चाचपायची फार भीती वाटते.

वहिनींना नमस्कार. करंज्या त्यांनीच खाव्यात.

तुझी
दैवशाला


ताडकळस
३ डिसेंबर २०२४

चि. दैवशाला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोरा ओवायचं वाचून दुकानात बसवेना, नोकराला गल्ल्यावर बसवून नदीकडे चक्कर मारून आलो.

पण नुसतं घाबरून काय होणार? उपाय कडक करायला हवा. तू दोनदा जेवतेस म्हणतेस तर मग मधलं ते चाखणं, खरवडणंही आजपासून बंद. उभ्याचं आपण धरत नाही हे खरं, मायने आपल्याला तसंच शिकवलं. पण तुझ्या बाबतीत धोका पत्करायचा नाही. सकाळी जेवलीस की दिवेलागणीपर्यंत तोंडाला कुलूप. पंचफुलाला सांग, भावाने शपथ घातली आहे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर पाणी पी. मलाही पहिल्या आठवड्यात तसं झालं होतं, नंतर शरीर सरावतं. डगमगू नकोस.

सोयाबीन विकलं का? हरभऱ्याला पहिलं पाणी वेळेवर द्या. ग्यानबारावांना म्हणावं, घाटे अळीची फवारणी मला विचारल्याशिवाय करू नका.

तुझा
दादा

ताई, या खालच्या ओळी पार्वतीच्या आहेत. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच येतं म्हणून लिहिते. तुमचे दादा दोनदा जेवतात हे अगदी खरं. पण बाजारच्या दिवशी दुकानासमोरच्या गाड्यावरून भज्यांचा पुडा येतो तो गल्ल्यामागे उभं राहून संपतो, आणि गिऱ्हाइकागणिक चहा होतो तो वेगळाच. मी बोलले तर म्हणाले, "आगं, ते उभ्याचं हाय, ते कुठं धरायलीस?" तुमच्या घराण्याची ही रीत मला लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी उमगली नाही. तब्येतीला जपा.


ताडकळस
६ जानेवारी २०२५

चि. दैवशाला हिस आशीर्वाद.

महिना होऊन गेला, तुझं उत्तर नाही. रागावलीस का? मी कडक लिहिलं ते तुझ्या काळजीपोटीच ना? पार्वतीने मधे फोन केला तेव्हा सविताने "समदे बरे हायती" एवढंच सांगितलं म्हणे. फोनवर सगळी माणसं बरीच असतात, म्हणून तर मी पत्र लिहितो.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवत नाही, तुला चालणार नाही. तिळगुळावाचूनच गोड बोल आणि दोन ओळी लिही.

तुझा
दादा


पालम
२० जानेवारी २०२५

ती. मामांना सविताचा नमस्कार.

आईंना आज लिहिता येत नाही म्हणून त्या सांगतायत तसं मी लिहिते. आज आम्ही परभणीला मोठ्या डॉक्टरांकडे डोळे दाखवायला गेलो होतो. आत्ताच आलो. आईंना अक्षर दिसत नाही, समोरचा माणूसही धूसर दिसतो. त्या पडवीत डोळ्यांवर पदर घेऊन बसल्यात. म्हणतायत की दादावर मी रागावले नाही. डिसेंबरात एक प्रकार झाला होता तो मुद्दाम कळवला नाही, तो नंतर सांगेन. दादाने काळजी करू नये.

आमच्या गावातले बन्सीधरभाऊ उद्या ताडकळसला यायलेत, त्यांच्या हाती चिठ्ठी द्यायची आहे आणि ते दारात उभे आहेत. बाकी आई स्वतः लिहितील.

सविता


ताडकळस
२१ जानेवारी २०२५

दैवशाला,

बन्सीधर चिठ्ठी देऊन गेला. पाकिटावर तुझं अक्षर नव्हतं, म्हणून मी त्याला दारातच थांबवलं. त्याला विचारलं, तर म्हणाला, "मला ठावं न्हाई काका, बाई पदर घिऊन बसल्या व्हत्या." याहून जास्त तो काही सांगू शकला नाही.

पार्वती फोन करते म्हणाली. मी करू दिला नाही. जी बातमी आहे ती मला फोनवरून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नाही. खरं सांगू का, मला ती ऐकायचीच नाही. उद्या सकाळच्या बसने निघावं म्हणून पिशवी भरली आणि पुन्हा रिकामी केली. तुझ्या दारात येऊन उभा राहीन आणि तू चाचपत येशील, या विचाराने पाय उचलत नाही. असा तुझा भाऊ आहे.

दैवशाला, मायची नजर गेली तेव्हा मी कर्ता होतो आणि मला काही करता आलं नाही. तुझ्या वेळी काहीतरी करायचं म्हणून मी ते दोन वेळांचं पालुपद लावलं. डिसेंबरात काय झालं? माझ्या सांगण्यावरून झालं का? झालं असेल तर तसंच लिही.

एवढंच मागतो. तुझ्या हाताने दोन ओळी लिही. वाकड्या असोत, एकावर एक चढलेल्या असोत. त्या तुझ्या हातच्या असल्या म्हणजे मला पुरे.

दादा


पालम
२४ जानेवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

हे बघ माझं अक्षर. ओळी सरळ आहेत की नाहीत? काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी आहे. आता आधी शांतपणे बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

माझी नजर गेलेली नाही. डोळे तपासायच्या आधी बाहुल्या मोठ्या करायचं औषध टाकतात, त्याने दिवसभर धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही, म्हणून मी पदर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तांदूळ निवडले. मी सविताला म्हटलं होतं, औषध टाकलंय ते लिही. तिला वाटलं मामा जाणते, त्यांना ठाऊकच असेल. आता तुझं पत्र तिला वाचून दाखवलं तर ती रडायलाच लागली. तिला पत्रातून रागावू नकोस.

डॉक्टर म्हणाले, पडद्यावर डाग आधी होते तेवढेच आहेत, वाढलेले नाहीत. साखर अशीच आवरून ठेवली आणि वेळच्या वेळी दाखवत राहिलात तर नजर शाबूत राहील. दादा, मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. बाहेर आल्यावर ग्यानबांनी माझा हात धरला, भर रस्त्यात. धूसर दिसत होतं म्हणून धरला असं ते म्हणतात.

आता डिसेंबरचं सांगते. तुझं पत्र आलं आणि मी तोंडाला खरोखर कुलूप लावलं. टोस्ट नाही, पंचफुलाचा चहा नाही, खरवड नाही. गोळी मात्र वाढवलेलीच चालू होती. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर शेळ्यांच्या गोठ्यात होते. भर थंडीत घाम फुटला, हातपाय कापायला लागले आणि समोर उभी राहिलेली पंचफुला मला ओळखू येईना. तिने मला धरून बसवलं आणि घरातला गुळाचा खडा आणून तोंडात कोंबला. थोड्या वेळाने माणसात आले. तू पाणी प्यायला सांगितलं होतंस. नुसतं पाणी पीत बसले असते तर हे पत्र तुला आलं नसतं. तुला बोल लावत नाही, पण झालं ते झालं म्हणून सांगते.

गोपाळने मला तसंच मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं, सविता मागे मला धरून बसली. डॉक्टरीणबाईंनी साखर मोजली आणि पुन्हा तोच प्रश्न, किती वेळा जेवता? मी म्हटलं, दोनदा. तेव्हा सविता पुढे झाली. एरवी मोठ्यांपुढे न बोलणारी पोर. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आई दिसभर उभ्या उभ्या खायच्या. ते त्या धरतच न्हाईत. आन् परवापासून मामांच्या सांगन्यावरून ते समदं बंद केलंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग काय काय खाता ते सगळं विचारलं, अगदी चहातल्या साखरेपर्यंत. सविता सांगत गेली आणि मी मान खाली घातली. म्हणाल्या, "मावशी, दोनदा की तीनदा की चारदा, यात जादू नाही. एखाद्याला दोनदा झेपतं, एखाद्याला नाही. दिवसभरात पोटात काय जातं, किती जातं आणि कोणत्या वेळी जातं, ते मला कळलं पाहिजे. तुम्ही दोनदा म्हणालात म्हणून मी गोळी वाढवली. आणि ही गोळी घेऊन मधेच उपाशी राहायचं नसतं." तुलाही निरोप आहे, व्याख्यान ऐका, पण गोळ्या घेणाऱ्या माणसाला डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास सांगू नका.

मग गोळी कमी केली आणि मला तीन वेळा ठरवून दिल्या. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी लवकर. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी आणि काकडी किंवा मुळा, चहा बिनसाखरेचा. आणि शेवटी सविताकडे बघून म्हणाल्या, "जे काही तोंडात घालतील ते बसून, ताटलीत घेऊन. उभ्याने काही नाही."

सगळ्यात कठीण ते बसणंच होतं. पहिल्या दिवशी चार शेंगदाणे तोंडात टाकायचे म्हणून मला पाट घ्यावा लागला, ताटली घ्यावी लागली. नातवंडं हसायला लागली, आजी दाण्यांची पंगत बसवते म्हणून. दुसऱ्या दिवशी दाण्यांसाठी एवढा खटाटोप कोण करतो म्हणून सोडून दिले. पंचफुलाच्या अंगणात मी फतकल मारून बसले तर ती म्हणाली, "आता जेवूनच जायलीस का काय?" तेव्हापासून ती बिनसाखरेचा कपभर देते आणि आम्ही दोघी निवांत बसून पितो. काही आठवड्यांत सुईत दोरा एक दिसायला लागला. साखर खाली आली की नजरही थोडी निवळते म्हणे. गोधडी पुरी झाली.

पण बसून जेवता जेवता एक गोष्ट मनात आली आणि अजून जात नाही. उभ्याचं खाणं धरायचं नाही हे माय आपल्याला का सांगायची? आपण विचारायचो, "माय, तू जेवलीस का?" आणि ती चुलीपाशी उभी राहून भांड्याच्या कडेचं पुसून खाता खाता म्हणायची, "जेवीन की रे, हे तर उभ्याचं हाय." दादा, नीट आठव. मायला ताट वाढून घेऊन बसलेली तू कधी पाहिलीस का? मी खूप आठवून पाहिलं. डोळे गेल्यावर आपण तिला धरून बसवायचो, तेवढीच. त्याआधीची एकही वेळ मला सापडली नाही. तिचं सगळं खाणं उभ्याचंच होतं. आपल्याला पोटभर व्हावं म्हणून तिने ते आपल्याला धरू दिलं नाही, आणि आपण भाबड्यासारखी त्याची रीत करून बसलो.

परवा मी ताटावर बसले होते. सविता माझ्यावर लक्ष ठेवून ओट्यापाशी उभी होती, "आई, हळू खा, आई, बसूनच खा" म्हणत. आणि तिच्या हातात पोराच्या ताटलीतलं उरलेलं होतं, ते तिने बोलता बोलता तोंडात टाकलं. मी विचारलं, "तू जेवलीस का गं?" ती म्हणाली, "बसते की आई, हे काय उभ्याउभ्या." मी हातातला घास ताटात परत ठेवला.

तू ये. पाय उचलत नाही म्हणालास ना, आता उचल.

तुझी
दैवशाला


ताडकळस
२८ जानेवारी २०२५

चि. दैवशाला हिस अनेक अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि दुकानातल्या युरियाच्या पोत्यावरच बसलो. पाकीट बराच वेळ फोडलंच नाही, नुसतं तुझं अक्षर बघत राहिलो. पार्वतीला वाटलं वाईट काहीतरी आलं, ती आतून धावत आली. तिच्याकडे पाकीट दिलं आणि म्हटलं, "आगं, तिनं सोता लिवलंय." मग आम्ही दोघांनी मिळून वाचलं. तीस वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

गुळाचं वाचून मात्र अंगावर काटा आला. पंचफुलाबाईंना माझा नमस्कार सांग, आल्यावर पाया पडेन. दैवशाला, कोणी शेतकरी पिवळं पान घेऊन आला तर मी आधी विचारतो, यापूर्वी काय काय टाकलं, पाणी किती दिलं, कधी दिलं. ते कळल्याशिवाय पुडी देत नाही. आणि तुला न विचारता डोस सांगून मोकळा झालो. दुकानातलं शहाणपण मी घरी आणलंच नाही.

पार्वतीने त्याच दिवशी मला दवाखान्यात नेलं. कानाचं यंत्र लावायला लावलं, म्हणाली डॉक्टर काय म्हणतात ते तुमच्याच कानांनी ऐका. माझी साखर काठावर आहे, आजार नाही. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा खाता? मी दोनदा म्हणायला तोंड उघडलं, पार्वतीकडे पाहिलं, आणि भज्यांसकट सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, दोनदा जेवणं तुम्हाला मानवत असेल तर खुशाल जेवा, पण बाजारची भजी आणि ते गोड चहा जेवणातच धरा. आता गल्ल्यामागे स्टूल ठेवलं आहे. भजी खायची तर तिथे बसून, गिऱ्हाइकांच्या देखत. अजून एकदाही हिंमत झाली नाही.

मायचं तू लिहिलंस ते वाचून मीही आठवत बसलो. तुझ्या लग्नात ती वाढत होती. माझ्या लग्नात पंगतीच्या टोकाला उभी होती. मलाही तिचं ताट सापडलं नाही. पार्वतीला विचारलं, "तू दुपारी कवा बसतीस गं जेवायला?" ती हसली आणि आत निघून गेली. तेव्हा कळलं की तेही मी कधी पाहिलेलं नाही.

येत्या रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं येतो. यंत्र लावून येतो, तेव्हा मोठ्याने बोलू नकोस. स्वयंपाक साधा कर. भाकरी, वरण आणि पालेभाजी असली तरी पुरे. वाढायला या वेळी मी आणि ग्यानबाराव उभे राहू, गोपाळलाही उभं करू. मांडी घालून तू बस, पार्वतीला शेजारी बसव.

आणि सविताचं ताट सगळ्यांत आधी मांड.

तुझा
दादा